आधी हाक, मग हात

पहिला ग्रेहाउंड आमच्या घरी आला तेव्हा त्याला काच ठाऊक नव्हती. मागच्या अंगणात खार दिसली, तो उठला आणि पॅटिओच्या बंद दारावर जाऊन थडकला. मग वळून माझ्याकडे असं पाहिलं, की ते दार मीच मध्ये आणून उभं केलं असावं. त्या संध्याकाळी आम्ही घरातल्या सगळ्या काचांवर, त्याच्या नाकाच्या उंचीला, रंगकामाच्या निळ्या टेपच्या फुल्या चिकटवल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही रिपेअरचं काम काढलंय का?

शर्यतीतून रिटायर झालेल्या या कुत्र्यांना घर नावाची गोष्टच माहीत नसते. जन्मापासून पिंजरा, ट्रॅक, पुन्हा पिंजरा. वेळेवर खाणं, वेळेवर पळणं. जिने नाहीत, आरसे नाहीत, वॉशिंग मशीनचा आवाज नाही. दक्षिणेकडच्या कुठल्यातरी ट्रॅकवरून ते गाडीत बसून वर मिशिगनला येतात आणि कायमचं घर मिळण्याआधी कुणाकडे तरी दीड-दोन महिने राहतात. ते 'कुणीतरी' म्हणजे आम्ही. घरात कसं राहायचं ते शिकवायचं, दात घासायचे, वजन वाढवायचं, आणि चांगलं स्थळ आलं की पाठवणी करायची. रडायचं, चादरी धुवायच्या, पुढच्याची वाट बघायची.

ही कल्पना माझ्या नवऱ्याची. तो पुण्याचा, त्यामुळे त्याने ती मला प्रश्न म्हणून न विचारता माहिती म्हणून सांगितली. मी नागपूरची, मी आधी भांडले आणि मग हो म्हटलं. खरं कारण असं, की मला मुदतीची कामं आवडतात. माझा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. लोकांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, लिहून द्यायच्या, फाइल बंद करायची. कुत्रा आला, शिकला, गेला. जन्मभराची गुंतवणूक नको, असं माझं तेव्हाचं मत होतं. मुलीच्या आधी दोन, मुलगी झाल्यावर दोन, अशा चार पाठवण्या आम्ही केल्या आणि चारही वेळा नवरा गॅरेजमध्ये जाऊन रडला.

पाचवी आली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती आणि मला चौथा महिना लागला होता.

ती काळी होती, तोंडाभोवती पांढरी व्हायला लागली होती. दोन्ही कानांच्या आत हिरव्या शाईने गोंदलेले शर्यतीचे आकडे. एवढी हडकुळी, की आमच्याकडे आलेल्या एका काकूंनी तिला पाहून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "अगं, खायला नीट घालता ना?" ग्रेहाउंड असेच असतात हे त्यांना पटलं नाही, त्या जाताना डब्यातल्या दोन पोळ्या काढून ठेवून गेल्या.

तिला एका घराने आधीच परत केलं होतं. झोपेत कुणी हात लावला तर ती दचकून तोंड टाकायची. हे तिच्या जातीत बऱ्याच कुत्र्यांचं होतं. आयुष्यभर पिंजऱ्यात एकटीने झोपलेली, झोपेत कधी कुणाचा हात लागलेलाच नाही. लागला तर तो हात आहे हे कळायच्या आत दात पुढे येतात. जागी असताना मात्र तिच्याइतकी गरीब मी पाहिली नाही.

संस्थेतर्फे कुत्रे नेमून देणाऱ्या बाईंना आम्ही आपसात 'हाउंडवाल्या काकू' म्हणायचो. अमेरिकन, साठीच्या, उंच, बोलायला तुटक. त्यांनी ती आमच्याकडे देताना स्पष्ट सांगितलं होतं, की घरात बाळ येणार आहे तेव्हा ही फक्त फोस्टर, कायमची नाही. काही गडबड झाली तर त्याच दिवशी फोन करायचा. आणि दुसऱ्यांदा परत आलेल्या कुत्रीला मूलबाळ असलेलं घर कुणी देत नाही. मग ती केनेलमध्ये वाट बघत राहील, किती दिवस ते सांगता येत नाही.

मुलीने फ्रिजवर कागद लावला. तिच्या शाळेतल्या जाड मार्करने, आणि माझ्या हट्टामुळे मराठीत: आधी हाक, मग हात. 'हाक'मधला क उलटा आला होता, तो तसाच राहिला.

नोव्हेंबरच्या शेवटी माझे बाबा आले.

बाळंतपणाला आई येते. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, म्हणून बाबा आले. नागपूरला तीस-बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेले, अंगाने अजून ताठ, बॅगेत दोन किलो डिंक आणि गळ्यात मफलर. डिंकाचे लाडू कसे करायचे ते त्यांनी माझ्या मावशीकडून वहीत लिहून आणलं होतं. घरात पाऊल टाकलं तशी ही काळी बया उठून गेली आणि त्यांच्या मांड्यांना टेकून उभी राहिली. ग्रेहाउंडांची ती माया करायची रीत आहे, सगळं वजन तुमच्यावर टाकून देतात.

"ही माझ्या अंगावर काहून रेलून राहिली बाप्पा?" बाबा म्हणाले.

"तुम्ही आवडलात तिला."

"मग मी आता हलायचं नाही का?"

ते दहा मिनिटं कोट न काढता तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिची जबाबदारी घेतली, आम्ही न देताच. तिला जिना येत नव्हता. खाली उभी राहून वर बघायची आणि थरथरायची. बाबांनी जिन्याची पाहणी केली, चौदा पायऱ्या मोजल्या आणि शाळेत कवायत शिकवावी तशी सुरुवात केली. ते दुसऱ्या पायरीवर बसत, तिचा पुढचा एक पाय उचलून वर ठेवत आणि म्हणत, "एक." दुसरा पाय, "दोन." मागच्या पायांना मुलगी हात लावायची. "एक-दोन, एक-दोन, छाती पुढे!" कुत्रीची छाती निसर्गानेच एवढी पुढे असते, की बाबांना तिचं फार कौतुक. चढायला नऊ दिवस लागले. उतरायला त्याहून जास्त, कारण उतरताना बाबांचेच गुडघे बोलायचे.

बर्फ पडायला लागल्यावर दोघं कोट घालून गल्लीत फिरायला जात. तिच्या कानांना थंडी लागते म्हणून बाबांनी आपला मफलर तिच्या डोक्याला गुंडाळला. मी ऑफिसचा कॉल चालू असताना खिडकीतून बघायचे, एक रिटायर मास्तर आणि एक रिटायर धावपटू, दोघंही पाय जपून टाकत चाललेले. मला भरून यायचं आणि मी ते गरोदरपणावर ढकलायचे.

बाबांची एक गोष्ट मला त्याच दिवसांत कळली. ते आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दुपारी सोफ्यावर झोपले होते. चहा झाला म्हणून मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तर ते ओरडून उठून बसले. हात असा उगारला गेला, की चष्मा उडून टीव्हीखाली गेला. मी दिसल्यावर ओशाळले.

"दोन वर्षं झाली," मी चष्मा शोधून देत असताना ते म्हणाले, "कोणी उठवत नाही न मला. सवय गेली."

मी हसण्यावारी नेलं, पण तेव्हापासून स्वयंपाकघरातूनच हाक मारायला लागले. बाबा, चहा.

नातीला वळण लावण्याचं कामही त्यांनी अंगावर घेतलं होतं. तिचं मराठी समजण्यापुरतं होतं, उत्तर इंग्रजीत यायचं. जमिनीवर पडलेलं पुस्तक तिने पायाने सरकवलं तशी बाबांनी तिला थांबवलं. पाय लागला की वाकायचं, हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीशी न्यायचा.

"व्हाय?" ती म्हणाली.

"ज्याला पाय लागला त्याला कळलं पाहिजे न, की तू मुद्दाम नाही केलं."

हे तिला फार पटलं. मग काय, पुस्तकाला पाय लागला की नमस्कार, डब्याला लागला की नमस्कार, माझ्या पायाला लागला की नमस्कार. एकदा पार्किंगमध्ये गाडीच्या टायरलाही केला. मी सगळ्या नातेवाइकांना फोनवर कौतुकाने सांगितलं, अमेरिकेत जन्मलेलं पोर बघा. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की आम्ही त्या पोराला दोन नियम दिले आहेत आणि ते एकमेकांच्या अंगावर येऊ शकतात. आणि मी म्हणे टेस्टिंग करते.

जानेवारी संपेपर्यंत कुत्रीचं सगळं इतकं नीट चाललं होतं, की आम्ही तिला कायमचं ठेवून घ्यायचा अर्ज भरला. मीच भरला. मुदतीची कामं आवडणारी मी. हाउंडवाल्या काकू फेब्रुवारीच्या मध्यात घर बघायला येणार होत्या.

त्याआधीच्या शुक्रवारी बर्फामुळे शाळा बंद होती. मी वर बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते, नवरा प्लांटवर गेला होता, बाबा मी नको नको म्हणत असताना फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला बाहेर गेले होते. दुपारचे दोन वाजले असतील. खालून एक आवाज आला. ग्रेहाउंड सहसा भुंकत नाहीत, म्हणून तो आवाज तिचा आहे हेच मला आधी कळलं नाही. त्याच्यामागून मुलीची किंकाळी.

सात महिने उलटून गेलेलं पोट घेऊन मी तो जिना कशी उतरले ते आठवत नाही. मुलगी पहिल्या पायरीशी बसली होती, गालावर हात. कुत्री जेवणाच्या टेबलाखाली, शेपूट पोटात घेऊन थरथरत होती.

मी मुलीचा हात बाजूला केला. डोळ्याखाली एक लाल रेघ होती आणि सूज यायला लागली होती. कातडी फुटली नव्हती. दात नुसता घासून गेला होता. पण ती रेघ आणि डोळा यांच्यात माझं एक बोटही मावलं नसतं.

"काय झालं?"

"नथिंग."

"तू काय केलंस तिला?"

"नथिंग!" आणि ती रडायला लागली.

ते 'नथिंग' मी शब्दशः घेतलं. काही केलं नाही, म्हणजे कुत्रीने विनाकारण तोंड टाकलं. नर्सच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी बर्फ लावा आणि लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. एका हाताने मटारची थंडगार पिशवी मुलीच्या गालावर धरून दुसऱ्या हाताने मी काकूंना फोन लावला. मुलीच्या समोरच. म्हटलं, या आणि घेऊन जा.

मग त्यांनी विचारलं, "वॉज शी अस्लीप?"

"आय डोन्ट नो."

"आस्क द चाइल्ड."

"आय डिड," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, रस्ते बंद आहेत, रविवारी सकाळी येते.

ऑफिसात नवीन मुलं माझ्याकडे चूक घेऊन आली की मी एकच वाक्य ऐकवते: पुन्हा घडवून दाखव, मग कुणाच्या नावावर टाकायची ते बघू. त्या दिवशी मी काही घडवून बघितलं नाही. ज्या बिचारीला बोलता येत नव्हतं तिच्या नावावर टाकून मोकळी झाले.

बाबा आत आले तेव्हा टोपीवर बर्फ तसाच होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "पोरीला नीट विचारलं का?"

"बाबा, एक पोटात आहे आणि एक बाहेर आहे. मला दोघांचे डोळे शाबूत पाहिजेत." मी फार मोठ्याने बोलले. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

कुत्रीला मी लाँड्री रूममधल्या मोठ्या पिंजऱ्यात घातलं. ती ओढून न्यावी लागेल असं मला वाटलं होतं. पण दार उघडल्याबरोबर ती आपणहून आत गेली, वळली, बसली आणि पंजांवर तोंड ठेवलं. जणू तिला हे कधीतरी होणारच हे ठाऊक होतं. ते बघूनही मी दार लावलं.

शनिवार तसाच गेला. नवऱ्याने तिला बाहेर फिरवून आणलं आणि गॅरेजमध्ये बराच वेळ काढला. बाबांनी अर्धी पोळी खाऊन ताट सारलं. मुलीच्या तोंडाला कुलूप. मला वाटलं, घाबरली आहे. ती घाबरली होतीच, पण कशाला ते मी समजले नव्हते.

रविवारी सकाळी मी तिचं सामान बांधायला घेतलं. दोन वाट्या, रुंद पट्टा, दात घासायचा ब्रश, बाबांचा मफलर. तो मफलर आता तिचाच असं बाबांनी सांगितलं होतं. तिचा कोट घडी करायला जमिनीवर पसरला होता. मुलगी स्वयंपाकघरातून येत होती, डोळे पुसत, लक्ष नव्हतं. तिचा पाय कोटावर पडला.

ती थांबली. खाली वाकली, अगदी नाक टेकेल इतकी, कोटाला हात लावला आणि तो हात छातीशी नेला.

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

"शुक्रवारी," मी म्हटलं, "तू असंच केलंस का? तिला?"

तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग बाबांकडे. मग सगळा बांध फुटला. "माय फूट टच्ड हर, मम्मा. शी वॉज इन द सन, बाय द स्टेअर्स. अँड आजोबा सेड यू हॅव टू. सो आय डिड नमस्कार. आय फर्गॉट टू कॉल हर फर्स्ट. आय ब्रोक द रूल, अँड नाऊ शी हॅज टू गो बिकॉज ऑफ मी."

बाबा खुर्चीत बसले होते. ते उठले, आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन आडवे झाले. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, कुत्री उन्हात झोपते तसे.

"हं," जमिनीवरून ते म्हणाले, "मी ती. तू ये वरून."

मुलगी चार पायऱ्या चढली आणि मोज्यांनी उतरली. तिचा पाय बाबांच्या पाठीला लागला. ती वाकली. तिचा गाल बाबांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला. बाबांनी डोळे उघडले आणि तिला तसंच दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आडवं वाहत होतं.

"माझी चूक होती बेटा," ते म्हणाले. "शिकवणाऱ्याची चूक असते. तुझी नाही, तिची नाही."

त्याच वेळी दारावरची बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं आणि हाउंडवाल्या काकूंना पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर सत्तरी ओलांडलेला एक माणूस जमिनीवर पडलेला, त्याच्या छातीवर रडणारी मुलगी आणि हातात वाटी धरून उभी असलेली एक अवघडलेली बाई. त्या म्हणाल्या, "शुड आय कॉल समबडी?"

मी सगळं सांगितलं. पाय लागला तर आमच्यात काय करतात तेही सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, पण त्या विरघळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं, की का झालं ते कळलं, चांगलं झालं. पण ती उद्याही झोपेल, उद्याही दचकेल, आणि दीड महिन्याने इथे एक बाळ असेल ज्याला कुठलेच नियम माहीत नसतील. आणि त्या बरोबर बोलत होत्या.

बाबा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. "तिला सांग," ते मला म्हणाले, "मीही असाच दचकून उठतो. हात उगारतो. माझ्या पोरीचा चष्मा... नाही, माझाच चष्मा उडाला. मला तर कोणी परत नाही पाठवलं."

मी ते इंग्रजीत सांगायला गेले, पण शेवटच्या वाक्यापाशी थांबले. नवऱ्याने ते पूर्ण केलं.

काकू बाबांकडे वळल्या. मग नवऱ्याकरवी विचारलं, "पण तुम्ही बाळाच्या खोलीत जमिनीवर झोपत नाही ना?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग तीही झोपणार नाही. आणि तुमच्याकडे सगळे जमिनीवर फार असतात."

हे मात्र खरं होतं. आम्ही जमिनीवर बसून जेवतो, भाज्या निवडतो, पत्ते खेळतो, आणि बाळही दुपट्यावर जमिनीवरच असणार होतं. त्यांनी घरभर फिरून सांगितलं: हॉलच्या कोपऱ्यात तिच्या बिछान्याभोवती कठडा, ऊन तिथे येतंच. बाळ जमिनीवर असेल तेव्हा ती कठड्याच्या आत. बाळाच्या खोलीला फाटक. आणि अर्जावर सही आज नाही. बाळ महिन्याभराचं झाल्यावर त्या पुन्हा येतील, तोवर ती फोस्टरच. दरम्यान काही झालं तर ती त्याच दिवशी परत.

"अँड द बाउइंग?" त्यांनी मुलीला विचारलं. तुझ्या त्या वाकण्याचं काय?

बाबांनी ते आधीच ठरवलेलं दिसलं. त्यांनी नातीला जिन्यापाशी उभं केलं. पाय लागला? लागला. मग थांब. एक पाऊल मागे. हाक मार. डोळे उघडले? अजून थांब. त्या डोळ्यांत तू दिसायला लागलीस का? मग वाक. त्यांनी तीनदा करवून घेतलं, एक-दोन म्हणत, आणि तिसऱ्यांदा काकू गंभीर चेहऱ्याने पाठीमागे हात बांधून कवायत तपासत उभ्या होत्या.

त्या गेल्यावर मी लाँड्री रूममध्ये गेले. ती झोपली होती. मी दारातून हाक मारली. डोळे उघडले, मी थांबले. मग जाडजूड शरीर कसंबसं जमिनीवर टेकवलं, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि तिच्या लांब पायाला हात लावून तो छातीशी नेला. माझा पाय तिला लागला नव्हता. पण जे लागलं होतं ते पायापेक्षा वाईट होतं. "माझं चुकलं ग," मी म्हटलं. तिने तोंड पुढे करून माझ्या पोटावर ठेवलं. मला नंतर उठता येईना, तेव्हा नवऱ्याला बोलावावं लागलं.

मार्चच्या अखेरीस मुलगा झाला. बाबांनी डिंकाचे लाडू केले, ते इतके घट्ट झाले, की नवऱ्याने एक बत्त्याने फोडला. बाबा बाळाला मांडीवर घेऊन कठड्याशेजारी खुर्ची टाकून बसत. आत ती, बाहेर ते दोघं. बाळ रडलं की ती उठून कठड्यावरून मान बाहेर काढायची आणि बाबांकडे बघायची, म्हणजे तुम्ही काही करताय का मी बघू. फ्रिजवरच्या कागदावर मुलीने आणखी ओळी लिहिल्या होत्या. थांब. एक पाऊल मागे. डोळे बघ. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काकू आल्या, दोन तास बसल्या, चहा घेतला, लाडू नम्रपणे नाकारला आणि अर्जावर सही केली. गॅरेजमध्ये कोण गेलं ते सांगायला नको. या वेळी मीही गेले.

मेमध्ये बाबांचे सहा महिने भरले. दुपारचं विमान होतं. सकाळी सगळं बांधून झालं, बॅगा दाराशी आल्या, नवरा गाडी काढायला गेला. बाबा निघण्याआधी पाच मिनिटं टेकतो म्हणून सोफ्यावर बसले आणि बसल्या बसल्या झोपले. कोट घातलेला, पासपोर्टचं पाकीट मांडीवर, मान एका बाजूला कललेली. कोपऱ्यात कठड्याच्या आत ती झोपली होती, उन्हात.

मी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होते. उठवायला हवं होतं, पण माझ्याने हाक मारवेना. नागपूरच्या घरात ते असेच दुपारी झोपतील आणि त्यांना चहाला हाक मारणारं कुणी नसेल, हे मला त्या मिनिटापर्यंत नीटसं जाणवलंच नव्हतं.

मुलगी जिन्यावरून खाली आली. तिला आजोबांच्या पाया पडायचं होतं, निघताना पडायचं असतं हे त्यांनीच शिकवलेलं. ती सरळ त्यांच्याकडे गेली आणि सोफ्याजवळ पोचल्यावर थांबली. एक पाऊल मागे आली.

"आजोबा," तिने हळू हाक मारली.

कोपऱ्यात कुत्रीने मान वर केली. बाबांनी डोळे उघडले. दचकले नाहीत, हात वर गेला नाही. क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत ते कळत नसावं, नजर इकडेतिकडे फिरली. मुलगी हाताची घडी घालून उभी राहिली, शिकवल्याप्रमाणे, वाट बघत.

मग त्यांच्या डोळ्यांत ती दिसायला लागली, आणि ती वाकली.